उपदेशबाई

तिच्या छातीवर बिल्ला होता आणि बिल्ल्यावर लिहिलेलं होतं 'समुपदेशक'. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचा 'समु' माझ्या जिभेवर बसला नाही, मागचा 'उपदेशक' तेवढा बसला. म्हणून पहिल्या दिवसापासून मी तिला उपदेशबाई म्हणत आलो. गंमत अशी, की सगळ्या ओळखीत त्या बाईने मला एकही उपदेश केला नाही. बिल्ला उपदेशाचा आणि काम गप्प बसण्याचं. मी एकदा तोंडावर विचारलं, "बाई, तुला गप्प बसण्याचा पगार देतात?" तर म्हणाली, "व्हय काका. आणि तेच लई अवघड आहे."

दवाखान्यात प्रत्येक खाटेजवळ एक लोखंडी स्टूल असायचं. डॉक्टर उभ्या उभ्या बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. नर्सबाया सलाईन बघायच्या, पेशंटच्या तोंडाकडे बघायला त्यांना फुरसत कुठली. ही मात्र आली की आधी स्टूल ओढायची आणि बसायची. ते बुटकं स्टूल असं होतं, की तिचं डोकं पेशंटच्या उशीपेक्षा खाली यायचं. मग पेशंट वरून बोलायचा आणि ही खालून ऐकायची. मला ते आवडायचं नाही. शिकलेल्या बाईने असं खाली बसणं बरं दिसत नाही, असं मी सांगितलंही. तिने स्टूल बदललं नाही. हट्टी होती. हट्टी माणूस मला लगेच ओळखू येतो.

माझी बायको हिरा. तिच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी मला आणि मुलाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बाहेर आलो तर बाकावर ही बाई. म्हणाली, "काका, आत काय सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, "रिपोर्ट बदललाय. दुसऱ्या कोणाचा आहे. हिरा नावाच्या काय कमी बायका आहेत?" बाई म्हणाली, "मग परत काढून घ्या." मी एकदा वाशीला काढला, एकदा ठाण्याला काढला. दोन्ही वेळा तेच. दोन्ही वेळा मी कागद घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो, आणि दोन्ही वेळा तिने रिपोर्टाचं काही न विचारता "जेवलात का?" एवढंच विचारलं. रिपोर्ट हातात होता तरी मला राग आला तो त्या 'जेवलात का'चा.

राग तर त्या दिवसांत माझ्या नाकावरच होता. फाटकावरच्या वॉचमनशी पासावरून भांडलो. त्याची कॉलर धरली. आम्ही इथल्या शिरवणे गावची माणसं, या जमिनीवर आमची भातं उभी होती तेव्हा याचा बाप कुठे होता, असं बरंच काही बोललो. बाई मध्ये आली आणि वॉचमनला म्हणाली, "सोडा, काकांना तुमचा राग नाही आलेला." मी आणखी भडकलो. "माझा राग कोणावर आहे ते तू ठरवणार?" म्हणून तिच्यावर धावलो. ती म्हणाली, "नाही काका. तुम्हीच सांगा, कोणावर आहे?" वॉचमनने कॉलर नीट केली आणि मला आत सोडलं.

तिच्या पिशवीत एक कागद असायचा. त्यावर पाच खाने आखलेले आणि प्रत्येकात एक शब्द. मी हट्टाने तो बघायला मागितला. एकेक अक्षर लावून वाचला: नाकारणं, राग, सौदा, उदासी, स्वीकार. बाई म्हणाली, आजारी माणूस आणि त्याच्या घरची माणसं या पायऱ्यांवरून जातात असं आम्हाला शिकवतात. मी विचारलं, "मी कुठल्या खान्यात?" ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "माणसाला खान्यात बसवता? दुःख काय जिन्याने येतं का?"

मग मी तिला आमच्या खारीच्या शेताचं सांगितलं. ती मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या मुलखातली, तिला खाडी काय ठाऊक. शेताच्या कडेने मातीचा बांध असायचा, खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून. उधाणाला त्या बांधाला भोक पडायचं. आम्ही त्याला खांड म्हणायचो. एक खांड चिखलाने बुजवली की पाणी दुसरीकडे फोडायचं. तिथे धावलो की परत पहिली फुटायची. आधी इथे, मग तिथे, असा हिशेब खारं पाणी ठेवत नाही. पुरुष, बाया सगळे कमरेएवढ्या चिखलात उभे. "आणि मग?" तिने विचारलं. "मग काय? कधी बांध राहायचा, कधी शेत जायचं." तिने तो कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. पण त्यानंतर माझ्यासमोर तो कागद तिने परत कधी काढला नाही.

हिराचं आणि तिचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. आमची हिरा बोलकी. लग्नाच्या मांडवात धवले गायला तिला सगळ्या गावांतून बोलावणं असायचं. बोलायची ती आमच्या आगरी बोलीत. नातवंडांशी तेच, डॉक्टरांशी तेच. बाईला त्यातलं निम्मं कळत नसे, पण ती मान हलवत ऐकायची. हिरा तिला सुकट कशी भाजायची ते सांगायची, सासू कशी खाष्ट होती ते सांगायची, धवले म्हणून दाखवायची. मला लाज वाटायची. मी हिराला म्हणायचो, "शिकलेल्या बाईसमोर जरा शुद्ध बोल." हिरा म्हणायची, "माजा तोंड हाय, माजी बोली हाय. शुद्द बोलाचा तं तुमी सरकारशी बोला." सगळा वॉर्ड हसायचा. बाईही हसायची. मला वाटतं, का हसले ते तिला कळलेलं नसायचं.

हिराला आम्ही आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. पोटात गाठ आहे, औषधाने विरघळेल, असं मी तिला सांगितलं होतं आणि घरात सगळ्यांना तंबी दिली होती. आमच्यात असंच करतात. आजाऱ्याला नाव कळलं की तो अर्धा तिथेच जातो. बाईला हे पटत नव्हतं. एक दिवस तिने मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. "काका, काकींना किती जाणून घ्यायचंय ते त्यांनाच विचारूया का?" मी म्हटलं, "तू तिला एक शब्द सांगितलास तर माझ्याशी गाठ आहे." ती म्हणाली, "मी आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं, तर मी खोटंही बोलणार नाही." झालं. मी वर जाऊन तक्रार केली. माझ्या बायकोच्या खाटेजवळ ही बाई फिरकता कामा नये, असं बजावून आलो. वरच्यांनी तिला सांगितलं. ती यायची थांबली. हिरा दोन दिवस दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "ती पोर आली नाय ती? तुमीच कायतरी बोललाव." मी म्हटलं, "रजेवर असेल."

त्याच दिवसांत मी गावदेवीला बोललो, की हिरा बरी होऊ दे, मी मासळीला शिवणार नाही. बरी होईपर्यंत कशाला थांबा, देवीला भरवसा वाटावा म्हणून आधीच सोडली. आगरी माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय, ते आगऱ्यालाच कळेल. घरून डबा आला, त्यात बोंबील होते, मी बाजूला सारले आणि वरणभात खाल्ला. हिरा खाटेवरून बघत होती. "मासली सोरलीव?" तिने विचारलं. मी म्हटलं, पोट बरं नाही. तिने बाजूला सारलेल्या बोंबलांकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग मना कायतरी मोठा झायला हाय." मी वरणभाताकडे बघत राहिलो. एवढी तंबी दिली सगळ्यांना, आणि फोडलं मीच.

तेव्हा तरी बसून तिच्याशी बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलं होतं, मी माझं मिटून घेतलं. डबा धुवायच्या निमित्ताने उठलो आणि नळाखाली तो कितीतरी वेळ धूत राहिलो.

पुढे तिचा श्वास लागायला लागला आणि तिला अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही, फक्त दुखू न देणं आपल्या हातात आहे. घरी न्यायचं असेल तर ऑक्सिजनची सोय करून देऊ, इथे ठेवायचं असेल तर ठेवू. मुलगा म्हणाला, घरी नेऊ. मी म्हटलं, इथेच राहू दे, मशीन आहेत, कधी काय चमत्कार होईल. आमचं भांडण लागलं. डॉक्टरांनी बाईला बोलावून घेतलं. ती आली, माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान झुकवली, जणू मी तिची तक्रार केलीच नव्हती. म्हणाली, "काकींनाच विचारूया. आजाराचं नाव काढायला नको. फक्त एवढंच विचारू, घरी जायचं का?"

मी हो म्हटलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मी दुसऱ्याचं ऐकलंय, त्यातली ही एक.

आत एका वेळी दोघांना सोडायचे. मुलगा महाप्याला कामावर निघून गेला होता, भांडण करून. बाई म्हणाली, "काका, तुम्ही बरोबर चला. त्या तुमच्याशी आपल्या भाषेत बोलतील." मी गेलो नाही. पाय दुखतो म्हटलं. पाय दुखत नव्हता. मला भीती वाटत होती. तिने विचारलं असतं, मना काय झायलाय, तर मी काय सांगणार होतो? मी बाईला म्हटलं, "तू जा. तुझंच काम आहे ते."

ती गेली. मी काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "काका, मी दोनदा विचारलं. तोंडावर मास्क आहे, नीट बोलता येत नाही. पण दोन्ही वेळा घराला मना म्हणाल्या. त्यांना घरी नाही जायचं." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. मुलाला फोन करून म्हटलं, "बघ, तुझ्या आईलाच नको आहे."

त्यानंतर औषधाच्या गुंगीत ती कोणाशी बोललीच नाही, आणि चौथ्या दिवशी दुपारी हिरा गेली. तिथेच, मशीनजवळ. भेटायची वेळ पाच वाजता होती.

दहाव्याला सकाळी सगळं आटपून आम्ही घरी आलो होतो. ओटीवर गावातली माणसं बसली होती. बाई आली. पांढरी साडी नेसून आली होती, बिल्ला नव्हता. तिला कोणी ओळखलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. माझी मोठी बहीण, ऐंशीच्या घरातली, ओटीवरूनच आतल्या सुनेला ओरडली, "अगो, मना च्या नको, मना पानी दे."

बाईने मान वर केली. "आजी, काय म्हणालात?"

"पानी मांगला गो."

"नाही, त्याच्या आधी. चहाला मना केलंत ना?"

"मना नाय केला. मना च्या नको, बोलले." बहिणीला कळेना ही काय विचारते. मग तिनेच समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं, "मना म्हंजे मना. तुमचा 'मला', तो आमचा 'मना'."

बाईच्या हातात कप होता. तो तिने खाली ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो, मला अजून काही उमगलं नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, काकी 'मना घरा' म्हणत होत्या. 'मना घरा, मना घरा.' मी म्हटलं, घराला मना करतायत. त्या मला घरी न्या म्हणत होत्या."



तिला गिळून टाकता आलं असतं. पाणी पिऊन, नमस्कार करून निघून गेली असती तर आम्हाला कधी कळलं नसतं. आज मी हे सांगतो तेव्हा मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे, की ती बाई बोलली. शिकलेली माणसं चूक झाली की कागद पुढे करतात. हिने स्वतःचं तोंड पुढे केलं. पण त्या दिवशी मला हे दिसलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि तिला म्हटलं, "चालती हो माझ्या घरातून." ती उठली. दारात तिला चप्पल सापडेना, इतक्या चपला होत्या. सगळ्यांसमोर ती वाकून शोधत राहिली, आणि कोणी तिला मदत केली नाही.

ती गेल्यावर बहीण म्हणाली, "तिला काय माहीत आपली बोली? तू कया होतास?"

तू कुठे होतास. मी काचेबाहेर होतो. चार दिवस होते. चार दिवसांत तिला घरी आणता आलं असतं. शिरवण्याचं घर दवाखान्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

पुढे किती दिवस मी ओटीवर नुसता बसून होतो ते मला नीट सांगता येणार नाही. टीव्ही बंद. मुलगा यायचा, "बाबा, चला, डॉक्टरकडे जाऊ" म्हणायचा. मी म्हणायचो, मला काय झालंय. मग एक दिवस मी उठलो आणि दवाखान्यात गेलो. भांडायला गेलो होतो की कशाला, माहीत नाही. वॉचमनने पास न मागता सोडलं. त्याचंही मला वाईट वाटलं.

बाई तिच्या खोलीत होती. वॉर्डात जाणं तिने कमी केलंय, असं बाहेरच्या आयाबाईने सांगितलं होतं. मी जाऊन समोर बसलो. ती म्हणाली, "काका, ते दोन शब्द रोज कानात येतात." मी म्हटलं, "मलापण." एवढंच. मग तिने ड्रॉवरमधून एक वही काढली. दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या गावांच्या बायकांना विचारून विचारून तिने आमची बोली उतरवली होती. एका बाजूला आमचा शब्द, दुसऱ्या बाजूला तिचा. मी अक्षर लावून वाचत गेलो. निम्मं चुकलेलं. "घरान म्हणजे घराने नव्हे," मी म्हटलं, "घरान म्हणजे घरात. पोटान दुखतंय म्हणजे पोटात." तिने खोडलं आणि नीट लिहिलं. चौथी शिकलेल्या माणसाने एम.ए. झालेल्या बाईची वही तपासली. एरवी मी हे गावभर सांगितलं असतं. त्या दिवशी घरीसुद्धा सांगितलं नाही.

मग तिचे फोन येऊ लागले. "काका, इथे एक आजी आहेत, असं असं म्हणतायत, याचा अर्थ काय?" ती फोन पेशंटच्या तोंडाजवळ धरायची, मी ऐकायचो आणि सांगायचो. कोणाला तहान लागलेली असायची, कोणाला कूस बदलून हवी असायची, कोणी नुसतंच आपल्या म्हशीला हाक मारत असायचा. मी तिला माफ केलं का? नाही. तिने माफी मागितलीही नाही. स्वतःला केलं का, तर तेही नाही. त्या कागदावरचा शेवटचा खाना स्वीकाराचा आहे. मी तिथे पोचलेलो नाही आणि मला पोचायचंही नाही. पण फोन आला की मी उचलायचो.

आता ती इथे नाही. सासरे अंथरुणाला खिळले म्हणून ती मंगळवेढ्याला परत गेली. जायच्या आधी घरी येऊन गेली, हिराच्या फोटोसमोर बसली, वहीतली उरलेली दोन पानं माझ्याकडून तपासून घेतली. वही तिने आपल्या जागी येणाऱ्या नव्या मुलीला दिली. त्या मुलीचा फोन अजून आलेला नाही.

पण ती जायच्या आधीचा, दवाखान्यातून आलेला बाईचा शेवटचा फोन मला सांगायचा आहे. सकाळी अकराचा सुमार असेल. ती म्हणाली, "काका, खाडीपलीकडच्या, द्रोणागिरीच्या बाजूच्या एक आजी आहेत. त्यांच्या मुलांनी तुमच्यासारखंच सगळ्यांना बजावून ठेवलंय. त्या मला सारखं काहीतरी विचारतायत. मला वाटतं मला कळतंय, पण यावेळी मला खात्री करून घ्यायची आहे." आणि तिने फोन पुढे धरला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बारीक, स्वच्छ आवाज. "मना कोनी सांगंत नाय. मना काय झायलाय?"

बाई फोनवर आली. "काय म्हणतायत?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

ती म्हणाली, "माझाही अर्थ तोच होता. काका, त्यांच्या मुलांशी मी आजच बोलते. पण तोवर तुम्ही त्यांच्याशी बोलाल? तुमच्या भाषेत? काहीही बोला." आणि मी नाही म्हणायच्या आत तिने फोन परत आजीच्या कानाला लावला.

मी ओटीवर उभा होतो. काय सांगायचं? खरं माझ्याजवळ नव्हतं, खोटं बोलायची माझी छाती नव्हती. पलीकडे ती म्हातारी वाट बघत होती, तिचा श्वास चुकत चुकत येत होता. घरात कोणी नव्हतं, नाहीतर मी फोन दुसऱ्याच्या हातात दिला असता.

शेवटी मी विचारलं, "बाय, तू कंच्या गावची गो?"

तिने गावाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "तू आपला मानूस हायेस. तू तं सांगशील?"